कोनशिला मोजा, वर्गखोल्या नको

निवडणूक जवळ आली की गावात एखादा तरी विघ्नसंतोषी निघतोच. पारावर बसून विचारतो, ‘काय हो, या उमेदवारानं आपल्या मराठी शाळेसाठी काय केलं?’ अशा माणसापासून चार हात लांब राहा. तरीही दोन उमेदवारांची तुलना करायची हुक्की आलीच, तर ती रीतसर करा; एवढ्यासाठीच हा प्रपंच.

सर्वांत आधी कोनशिला मोजा. आमदाराला वर्षाला 5 कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. त्यातून कमान होते, संरक्षक भिंत होते, पेव्हर ब्लॉक बसतात. कमानीवर नाव ठळक दिसतं. गळकं कौल बदलून त्यावर नाव कुठं घालणार बिचारा? आणि कमानीच्या आत निर्लेखनाच्या, म्हणजे धोकादायक ठरवून पाडण्याच्या, मंजुरीची वाट पाहणारी खोली उभी असेल, तर तिच्याकडे पाठ करून फोटो काढावा. फोटो चांगला येतो.

‘आम्ही शिक्षणाची तरतूद वाढवली’ असं कुणी म्हटलं की टाळ्या वाजवा. तरतूद दरवर्षी वाढतेच, कारण महागाई भत्ता वाढतो आणि शालेय शिक्षणाचा बहुतांश पैसा पगारात जातो. पण हे तुम्हाला माहीत आहे, असं चेहऱ्यावर दिसू देऊ नका. अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे तीन वेगवेगळे आकडे असतात, हे तर घरातही बोलू नका. कोठारी आयोगानं 1966 साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के शिक्षणावर खर्च करा म्हणून सांगितलं. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंही 6 टक्केच सांगितले. 54 वर्षांत मागणी तसूभर हलली नाही! एवढी निष्ठा आजकाल कुठल्या उमेदवारात सापडते?

पक्षापक्षांत फरक शोधत बसू नका, उगाच डोकं दुखेल. नव्या शिक्षकाला सुरुवातीची तीन वर्षं पगाराऐवजी मानधनावर राबवणारी शिक्षणसेवक योजना 2000 साली आली, प्राथमिकचं मानधन महिना 3 हजार. पुढं ते 6 हजार झालं आणि तिथंच दहाएक वर्षं मुक्कामाला राहिलं. या काळात सत्तेवर कोण कोण येऊन गेलं ते बोटांवर मोजा. एकमत कशाला म्हणतात ते कळेल. 2023 मध्ये त्याचे 16 हजार झाले. तसंच त्या ‘कायम विनाअनुदानित’ शाळांचं, म्हणजे सरकारी अनुदान कधीच मागणार नाही या अटीवर परवानगी मिळालेल्या शाळांचं. सरकारनं 2009 मध्ये त्यातला ‘कायम’ काढला. तो तिथून निघाला आणि आझाद मैदानावरच्या शिक्षकांच्या आंदोलनाला जाऊन चिकटला.

प्रगती मात्र मान्य करायला हवी. 2017 मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे 1300 शाळा बंद करायचं ठरलं होतं. 2023 मध्ये लहान शाळा एकत्र करून एकच मोठी करायच्या समूह शाळा आल्या, तेव्हा मर्यादा विसाच्या आत अशी झाली. दहाचे वीस झाले की नाही? त्याच वर्षी सप्टेंबरात कंपन्या आणि देणगीदारांना शाळा दत्तक देण्याची योजनाही निघाली. आईबाप धडधाकट असताना मूल दत्तक द्यायचं, यालाही मोठं मन लागतं. पुढच्या वर्षी सगळ्या राज्याचं गणवेशाचं कापड एकाच ठिकाणाहून कापून पाठवायचा बेत झाला. अर्धं वर्ष सरलं तरी कित्येक पोरांच्या अंगावर जुनाच शर्ट होता. डिसेंबरात गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आले. यात कुणाला दोष द्यायचा? पोरंच फार लवकर वाढतात.

मुख्याध्यापकांशी बोलायला जाऊ नका, हे आग्रहानं सांगतो. ते हिशेब दाखवतील. तीसपर्यंत पट असेल तर समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतून संयुक्त शाळा अनुदान येतं वर्षाला 10 हजार रुपये. त्यात खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता, सगळं. घरी येताना चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स दिसेल, मनात नको तो भागाकार सुरू होईल, आणि रात्रीची झोप जाईल. जिल्हा परिषद सदस्याचं प्रगतिपुस्तक मागाल, तर तिथंही पंचाईत: 2022 पासून कितीतरी वर्षं बहुतेक जिल्हा परिषदांत सदस्यच नव्हते, प्रशासक होते.

त्यापेक्षा उमेदवाराचं शपथपत्र वाचा. त्यात जमीन, सोनं, गुन्हे, गाड्या सगळं असतं, त्याचं स्वतःचं शिक्षणही असतं. शाळेचा रकाना नाही. म्हणजे तो विषय महत्त्वाचा नसणारच, नाही का? आणि खरं सांगू, आपल्याला तरी काय करायचंय? आपली नात सकाळी सातला टाय लावून पिवळ्या बसमध्ये बसते. मराठी शाळेत जातात ती ऊसतोड्यांची, नाहीतर शेतावरच्या सालगड्याची. त्यांच्या आईबापांची नावं यादीत असतील, पण मतदानाच्या दिवशी ते कारखान्याच्या फडात असतात.

राहता राहिलं मतदान. त्या दिवशी नाइलाजानं शाळेत जावंच लागेल, केंद्र तिथंच आहे. घाबरू नका. निवडणूक आयोगाच्या नियमाप्रमाणे रॅम्प असेल, पाणी असेल, स्वच्छतागृह असेल, दिवा लागलेला असेल. शाळा अगदी शाळेसारखी दिसेल. वर्गात गुरुजीही हजर असतील, मतदार यादी घेऊन बसलेले. त्यांना विचारू नका की एरवी या खोलीत किती इयत्ता एकत्र बसतात. शाई लावून घ्या आणि बाहेर या. कोनशिला फाटकाजवळच आहे, बोट दाखवत सेल्फी तिथंच काढा. फक्त जरा डावीकडे सरका, मागची तडा गेलेली भिंत चौकटीत येते.