बायकांची झोप मोजायचीच नाही का?

झोपेवरचा आणखी एक शोधनिबंध उघडला आणि सहभागींच्या वर्णनात पुन्हा तेच: निरोगी तरुण पुरुष. निष्कर्ष मात्र थेट सगळ्या माणसांना लागू! बायका झोपत नाहीत का? कारण ठरलेलं. पाळीमुळे हार्मोन्स बदलतात, आकडे विस्कटतात. अहो, मग तोच तर अभ्यासाचा विषय! स्त्रीबीज सुटल्यावर शरीराचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं, आणि झोपेचं तापमानाशी थेट नातं आहे. हे मोजायचं सोडून बाईलाच वगळायचं? गर्भारपण, रजोनिवृत्ती तर लांबच राहिली. निद्रानाशाचा त्रास बायकांनाच जास्त, आणि प्रयोगशाळेत त्याच नाहीत!

झोपेच्या गोळीचंच घ्या. झोल्पिडेमला अमेरिकेत १९९२ साली मंजुरी मिळाली. बायकांच्या शरीरातून ते हळू बाहेर पडतं. सकाळी गाडी चालवणं धोक्याचं ठरावं इतकं रक्तात उरू शकतं. तरी त्यांचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणायला २०१३ उजाडलं. वीस वर्षं! वीस वर्षं बायकांना पुरुषांच्या मापाची गोळी! बायका घेतल्या की अभ्यासाचा खर्च वाढतो, हे कारण तर ऐकवूच नका. चुकीच्या डोसची किंमत कोणी मोजली?