फुकटच्या आंब्यातला साका

गेल्या रविवारी दाभोळहून धोपाव्याकडे निघालेल्या फेरीबोटीत, म्हणजे वाशिष्ठीच्या खाडीत उडी घेतल्याखेरीज कोणालाही काढता पाय घेता येत नाही अशा ठिकाणी, माझ्या बागायतदार मित्राने मला विचारले, "आंबे कसे निघाले? खरं सांग." पेटी त्याने स्वतः घरी आणून दिली होती. मी "अमृत!" म्हणालो. "आपल्यात कसला रे उपचार, खरं सांग," असे त्याने पुन्हा बजावले, तेव्हा मी शक्य तितक्या हळू आवाजात म्हणालो, की चव उत्तमच होती, पण निम्म्या फळांत साका निघाला.

ज्यांनी हापूस फक्त चित्रात पाहिला आहे त्यांच्यासाठी सांगतो, की साका बाहेरून दिसत नाही. रंग, वास, देठ सगळे निर्दोष असते आणि सुरी फिरवल्यावर कोयीलगतचा गर पांढरट, भुसभुशीत आणि आंबूस निघतो. जमिनीतून वर येणारी धग हे त्याचे एक कारण मानतात, म्हणून झाडाखाली पालापाचोळा पसरायला सांगतात; यात बागायतदाराच्या अब्रूचा प्रश्न येतोच कुठे? वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने १९८१ साली नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' ही जात काढली, तिच्यात साका होत नाही. तरी आम्हाला हापूसच हवा, आणि २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्याच्याविषयी वावगा शब्द काढणे म्हणजे पाच जिल्ह्यांचा एकदम अवमान करण्यासारखे झाले आहे.

मित्र गप्प झाला. प्रकरण तिथेच मिटले असते. पण शेजारी टोपली घेऊन बसलेल्या मासळीवाल्या मावशींनी ते चालवायला घेतले.

"फुकटचे व्हते का इकतचे?" त्यांनी मला विचारले.

"भेट होती," मी म्हणालो.

"मंग साका कसला बघता? साका इकतच्या आंब्यात असतो. फुकटच्यात नसतो."

मोटारसायकलला टेकून उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थांनी या निवाड्याला मोठ्याने हसून अनुमोदन दिले. मावशींनी टोपलीतला एक बांगडा उचलून त्याचा कल्ला माझ्या नाकासमोर उघडला.

"बघा, लाल हाय. माशाला कल्ला हाय, म्हणून मला खोटं बोलता येत नाय. आंब्याला कल्ला नाय, माणसाला तर नायच नाय. मंग उघडून कशाला बघायचं?"

"पण मावशी, त्यानेच विचारलं. दोनदा विचारलं."

"इचारतात वो! माझी सून रोज इचारते, आई, कालवण कसं झालंय. मी काय सांगते?"

"काय सांगता?"

"आणखी वाढ, सांगते. आणि मांजराला घालते."

या मांजराच्या उल्लेखाने मित्राला अवसान चढले. "मग मीही खरं सांगतो," तो म्हणाला, "दिवाळी अंकांतले तुझे लेख मी आजवर पहिल्या पानापुढे वाचलेले नाहीत." मावशी समाधानाने मान डोलावून म्हणाल्या, "झाली, फिटंफाट झाली." त्यांनी बांगडा टोपलीत ठेवला आणि हात पुसले. फळी खाली आली आणि सगळे उतरू लागले.

ही फिटंफाट मला मान्य नाही. माझे सत्य आठवडाभराचे होते आणि ते मागून घेतलेले होते; त्याचे कित्येक दिवाळ्या साठवलेले होते आणि मी मागितलेच नव्हते. दर वर्षी अंक हाती पडला की तो "काय लिहिलंयस रे!" म्हणत असे. या वाक्यात अभिप्राय कुठेच नाही, हे माझ्यासारख्या लिहित्या माणसाला आजवर कळू नये याचे श्रेय त्याच्या आवाजाला द्यावे लागेल. मित्राने खोटे बोलावे याला माझी हरकत नाही; पण बोललेले खोटे त्याने निभावावे, स्वतःचे आंबे दुखावताच परत घेऊ नये.

धर्मशास्त्राचा आधार शोधावा, तर अप्रिय सत्य बोलू नये, असे सांगणारा तो प्रसिद्ध श्लोक पुढच्याच ओळीत प्रिय असले तरी खोटेही बोलू नये, असे सांगून आपल्याला मौनाच्या हवाली करतो, आणि "आंबे कसे निघाले?" या प्रश्नावर मौन धरणे म्हणजे सगळी पेटी नासकी होती असे सांगणे. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९७ साली असे ठासून मांडले, की मित्राच्या जिवावर उठलेला खुनी दारात येऊन त्याचा ठावठिकाणा विचारू लागला तरी खोटे बोलू नये. त्यांनी खुन्याची सोय पाहिली. पेटी घेऊन आलेल्या मित्राचे काय करायचे, हे मात्र सांगितले नाही.

आणि ज्या लेखांच्या पहिल्या पानापुढे हा गृहस्थ गेला नाही, त्यांतल्या एकात, तिसऱ्या पानावर, त्याच्या बागेतल्या हापूसचे चांगले अर्धे पान कौतुक आहे. त्या वर्षीही साका निघाला होता, आणि मी एका शब्दाने त्याचा उल्लेख केलेला नाही.