इंजिन बंद पडलं की कार्बोरेटरच? त्या मेसेजवर विश्वास ठेवू नका

गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात जाळी टाकणाऱ्या आपल्या धिवर बांधवांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतोय: “डोंग्याचं इंजिन बंद पडलं म्हणजे कार्बोरेटरच गेला. जेटमध्ये तार घाला, स्क्रू गच्च आवळा, नाहीतर चोक ओढून चालवत राहा.” (कार्बोरेटर म्हणजे इंजिनासाठी हवा-पेट्रोल मिसळणारा भाग, जेट म्हणजे त्यातला पेट्रोलचा बारीक भोकाचा तुकडा, चोक म्हणजे हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका.) हे वाचून लोक चांगली इंजिनं बिघडवताहेत, म्हणून लिहितोय.

‘कार्बोरेटरच गेला’ कशावरून? इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालून दम तोडत असेल, तर आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. तो बंद राहिला की टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल पुढे सरकत नाही. तो उघडाच असेल, तर इंजिन आचके देताना पाइपवरचा रबरी फुगा दाबत राहा. तेवढ्यानं ते सुधारलं, तर दोष फ्युएल पंपात नाहीतर हवा ओढणाऱ्या पाइपात आहे. पंख्याला जलपर्णी गुंडाळली असेल, तरीही इंजिन ओढत नाही.

मग पाणी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओल धरतं. पाणी वाढलं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात. इंजिन थंड करा, विडी विझवा, कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकीही रिकामी करून धुवा. नुसता कार्बोरेटर धुतला तर दोष परत येईल.

कार्बोरेटर खरंच तुंबतो, पण त्याची खूण असते. आयडलला, म्हणजे रेस सोडल्यावर, बंद पडतं, रेस दिल्यावर चालतं, तर छोटा जेट तुंबलाय. मात्र तिथे तार नको. जेट पितळी, मऊ. पोलादी तारेनं भोक मोठं झालं की पेट्रोल जास्त जातं आणि प्लग काळा, ओला निघतो. असा जेट बदलावाच लागतो. क्लीनर फवारा आणि पंक्चरवाल्याकडून हवा मारून घ्या.

मेसेजमधला स्क्रू म्हणजे कार्बोरेटरवरचा हवा-पेट्रोलचं मिश्रण जुळवणारा. तो आयडलपुरताच असतो, फुल रेसचा दोष त्यानं जात नाही. गच्च आवळला तर त्याचं सुईसारखं टोक दबतं.

चोकचा सल्ला सगळ्यांत घातक. हळूहळू काठाला येण्यापुरता ठीक. पण चोकशिवाय न चालणारं इंजिन पेट्रोलला उपाशी असतं, आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालवायच्या टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल त्या पेट्रोलमधूनच मिळतं. तसंच रोज पळवलं, तर एक दिवस भर पाण्यात पिस्टन जाम होईल.