‘पोरांनी मोर्चे काढून हवामान बदलतं का?’

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘हवामानबदल हा चीन-अमेरिकेचा प्रश्न. पुण्यातल्या पोरांनी मोर्चे काढून, ओला कचरा जिरवून काही होणार नाही. झाडं लावणं फोटोपुरतं. त्यापेक्षा अभ्यास करा.’ मला तो चौघांनी पाठवला, म्हणून हे उत्तर.

चीन-अमेरिकेचा वाटा मोठा आहे, मान्य. त्यांना जाब विचारायलाच हवा. पण पाणी शिरतं ते आपल्या घरात. २५ सप्टेंबर २०१९ची रात्र आठवा. कात्रजकडून येणारा आंबिल ओढा फुगला, अरण्येश्वरजवळ भिंत कोसळली, शहर-जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली. हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे असा धो धो पाऊस वाढतच जाणार. ओढ्याचं पात्र मात्र चीनने आवळलेलं नाही. ते कुठे अरुंद झालंय, कोणत्या पुलाखाली राडारोडा तुंबतो, हे काठावरच्या वस्तीतल्या बायकांना तोंडपाठ असतं. कॉलेजच्या मुलांनी त्यांना विचारत त्या जागांचा नकाशा केला, तर तो पुढे रेटायची वाटही आहे. महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी आपल्या प्रभागातली कामं सुचवायची सोय पुण्यात २००६ पासून आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा. हे फार थोड्यांना माहीत आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ओल्या कचऱ्याचं म्हणाल, तर डेपोत दबलेला कचरा हवेविना कुजून मिथेन सोडतो. वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापवतो. शिवाय पुण्याचा कचरा डेपो जिथे आहे, त्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या लोकांनी आपली घाण वर्षानुवर्षं सोसली आहे. आवारात खत करणं हे आपल्यावरचं त्यांचं देणं आहे.

झाडांबद्दलच्या टीकेत तथ्य आहे. टेकड्यांवर परदेशी गिरिपुष्प लावून हिरवा रंग दिसला, पण तिथलं मूळ गवत आणि त्यातले पक्षी परत येत नाहीत. म्हणूनच एप्रिल २०२३मध्ये वेताळ टेकडीसाठी पुणेकर रस्त्यावर उतरले, ते नवी रोपं लावायला नव्हे, बालभारती-पौड फाटा या नियोजित रस्त्यापासून आहे ती टेकडी वाचवायला. त्यात तरुण होते आणि रोज टेकडी चढणारे आजी-आजोबाही होते.

आणि अभ्यास? गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून रोजचा पाऊस लिहिणं हाही अभ्यासच आहे.

पावसाळ्याआधी एका रविवारी सकाळी दांडेकर पुलापासून ओढ्याच्या काठाने वर चालत जाऊ या. मेसेज पाठवणाऱ्या चौघांनीही यावं.