आत भेटू

आज संध्याकाळी प्रतापनगरला आमच्या ओळखीच्या काका-काकूंकडे गेले होते. दोघंही सत्तरीच्या आसपास. पुढच्या महिन्यात मुलाकडे जर्मनीला निघालेत, बर्लिनला उतरून पुढे ड्युसेलडॉर्फपर्यंत रेल्वेनं. एजंटानं मोबाईलवर तिकिटं पाठवली आणि म्हणाला, "काही टेन्शन नाही, तिकडे सगळं सोपं असतं." काकूंनी विचारलं, गाडीत जेवणाचे डबे विकायला येतात का, तर घरातलीच पोरं हसली. माझं डोकंच फिरलं. हसता काय? सांगा ना तिला!

२०१८ मध्ये मी बाबांना घेऊन याच मार्गानं दादाकडे गेले होते. बर्लिनला गाडी लागली, ही गर्दी. बाबा म्हणाले, "तू बॅगा घेऊन इकडून चढ, मी पुढून चढतो. आत भेटू." नागपूर स्टेशनवर आपण आयुष्यभर हेच करत आलो. कोणत्याही डब्यात शिरा, आतून चालत जा.

पण ती एक गाडी नव्हती. दोन गाड्या नाकाला नाक लावून जोडलेल्या होत्या आणि मधून जायला वाटच नाही. हाम नावाच्या स्टेशनवर त्या एकमेकींपासून वेगळ्या होतात. एक डॉर्टमुंड, एसेनवरून ड्युसेलडॉर्फला, दुसरी हागेन, वुपरटालवरून कोलोनला. बाबा कोलोनच्या गाडीत. फोनला रोमिंग नाही, तिकीट माझ्याकडे.

मान्य आहे, घोषणा होते, इंग्रजीतही होते. दाराजवळच्या पाटीवर ठिकाणही असतं. पण चार बॅगा धरून दाराशी उभ्या असलेल्या माणसाला ते ऐकू येतं का? आणि उभी का होते, तर आमच्या एजंटानं सीट रिझर्व्हच केली नव्हती. तिथे तिकीट म्हणजे सीट नव्हे. सीटचे पैसे वेगळे भरावे लागतात. ही एवढी गोष्ट सांगायला त्याच्या बापाचं काय जात होतं?

म्हणून ज्यांचे आईबाबा निघालेत त्यांनी आजच सीट रिझर्व्ह करा आणि डबा नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. प्लॅटफॉर्मवर ए, बी, सी अशा पाट्या असतात. आपला डबा कोणत्या अक्षरासमोर लागणार ते बोर्डावर दिसतं. तिथेच जाऊन उभं राहायचं, कारण मधल्या स्टेशनांवर गाडी दोन-चार मिनिटंच थांबते. दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं. हमाल नाही, म्हणून ज्याला जेवढं उचलता येतं तेवढंच सामान. संडासातल्या नळाचं पाणी प्यायचं नाही. आणि इटलीला जाणार असाल तर साध्या लोकल गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी स्टेशनवरच्या मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का मारून घ्या, नाही तर दंड.

हाम गेल्यावर मी बाबांना शोधत निघाले. शेवटच्या डब्यापर्यंत गेले तर समोर ड्रायव्हरची बंद केबिन. माझे पाय थरथरायला लागले. आजही लिहिताना तसंच होतंय.

बाबांच्या शर्टाच्या खिशात दादाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी होती. त्यांच्या शेजारी बसलेल्या एका जर्मन मुलीनं स्वतःच्या फोनवरून दादाला लावला. कोलोनला ती बाबांबरोबर उतरली आणि दादा येईपर्यंत थांबली. तिची पुढची गाडी गेली, तरी थांबली. तिचं नावही आम्ही विचारलं नाही हो.

आणि बाबा काही अडाणी नव्हते. तेव्हा दक्षिण एक्सप्रेसचे विशाखापट्टणमचे डबे काझीपेट स्टेशनवर मूळ गाडीपासून वेगळे व्हायचे, हे त्यांनीच मला लहानपणी सांगितलं होतं. "इथेही तसंच आहे" असं कोणी एका वाक्यात म्हटलं असतं, तर ते माझ्या आधी योग्य डब्यासमोर जाऊन उभे राहिले असते.

काकू, दशम्या आणि चटणी बिनधास्त न्या. गाडीत आपलं खाणं खाल्लेलं चालतं. उद्या सकाळी मी मार्कर आणि जाड कागद घेऊन येतेय. दोन चिठ्ठ्या करू, एक तुमच्या पर्समध्ये आणि एक काकांच्या खिशात.