स्विंडन शेजारीच

आमच्या मुलीच्या कॉलेजचा लंडनच्या एका विद्यापीठाशी करार आहे. फी इथलीच भरायची आणि एक सत्र तिथे जाऊन शिकायचं. "बाबा, फक्त राहण्या-खाण्याचा खर्च आपला," असं ती म्हणाली. मी गोव्यात, फोंड्यात हार्डवेअरचं दुकान चालवतो. "फक्त एक खिळा मारायचाय" म्हणत आलेलं गिऱ्हाईक ड्रिल मशीन घेऊन जाताना मी रोज बघतो, त्यामुळे काय वाढून ठेवलंय याचा अंदाज मला तिथेच आला.

२०२५ मध्ये व्हिसाचा नियम असा होता, की लंडनमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्याने महिन्याला १,४८३ पौंड या हिशेबाने पैसे दाखवायचे. लंडनबाहेर हाच आकडा १,१३६. म्हणजे नुसतं लंडनात असण्याचे महिन्याला साडेतीनशे पौंड! चार महिन्यांचे रुपये केले तर जवळजवळ सात लाख होतात. बरं, पैसे नुसते असून भागत नाही, ते खात्यात सलग २८ दिवस पडून राहिले पाहिजेत. मधे एक दिवस जरी शिल्लक खाली गेली, तरी पहिल्यापासून मोजायला सुरुवात.

हे २८ दिवस आले नेमके जुलैमध्ये. पाऊस धो धो पडत होता, मागच्या पडवीची कौलं फुटली होती आणि आई हातात बादली घेऊन घरभर गळती शोधत होती. शिवाय ३१ जुलैपर्यंत ट्रॉलरना बंदी, त्यामुळे बाजारात इसवणाचा, म्हणजे सुरमईचा, भाव विचारायचीसुद्धा भीती. बँकेत सात लाख आणि ताटात खारा बांगडा, अशी आमची श्रीमंती. "चार कौलं तरी आण रे," आई म्हणायची. की लगेच आतून हिचा आवाज, "लंडनच्या पैशांना हात लावायचा नाही!" त्यात मेहुण्यानेही काही रक्कम टाकली होती. तो रोज संध्याकाळी येऊन, चहा पिऊन, आपले पैसे सुखरूप आहेत ना, हे माझ्या चेहऱ्यावरून बघून जायचा.

राहायच्या जागेचं त्यानेच शोधलं. लॅपटॉपवर खोलीचा फोटो आला, खाली भाडं अडीचशे पौंड. "एकोणतीस हजार! अहो, पणजीत फ्लॅटला एवढं पडतं. घेऊन टाका!" तो एवढा खूश झाला की चहाबरोबर त्याने शंकरपाळ्याही मागून घेतल्या. मुलगी शांतपणे म्हणाली, "मामा, तिथे भाडं आठवड्याचं सांगतात." त्या शंकरपाळ्या तशाच राहिल्या.

व्हिसा आला आणि वाड्यावर बातमी फुटली. गोव्यात लंडनला जाणाऱ्या माणसाची खरी अडचण खर्चाची नव्हे, स्विंडनची. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी, म्हणजे पोर्तुगीजांच्या अमलात, गोव्यात जन्मलेल्या माणसाच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज पासपोर्टची वाट मोकळी असते. ब्रेक्झिटच्या आधी, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघात असताना, त्या वाटेने इथली किती तरी मंडळी इंग्लंडात गेली आणि त्यातली पुष्कळशी स्विंडनला स्थिरावली. आमच्या शेजारच्या मावशींचा भाचाही तिथलाच. मावशी दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात. "लंडनाक? मागीर कितें, स्विंडन लागींच!" आणि हातात पिशवी. तीत सोलं, तिरफळं, सुकी सुंगटं (म्हणजे कोळंबी) आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक अज्ञात काहीतरी, ज्याबद्दल विचारायचं नाही असं त्यांच्या नजरेने सांगितलं. लंडनहून स्विंडन सुमारे १३० किलोमीटर. फोंड्याहून तेवढं गेलं तर आपण कारवारच्याही पुढे पोचू. पण मावशींच्या नकाशात इंग्लंड म्हणजे एक वाडा.

सुंगटांना विमानतळावर अडवतील, या आशेवर मी नियम काढून बघितले. दूध आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी, मांसालाही बंदी, पण माणशी वीस किलोपर्यंत मासे चालतात! म्हणजे आईने कढवलेलं तूप घरी राहिलं आणि मावशींची सुंगटं मोपाच्या विमानतळावरून उडाली. इंग्रजांबद्दलचं माझं मत तेव्हापासून बरंच सुधारलं आहे.

तिथे पोचल्यावर आठवडाभर तिचे फोन आले ते फक्त भावांचे. कुठल्याशा बेकरीत आंबवलेल्या पिठाचा एक पाव चार पौंडांना. ती हे सांगत असतानाच इथे संध्याकाळचा पदेर, म्हणजे पाववाला, पों पों करत आला, आणि मी पाच पोई (आमचे गोव्याचे पाव) घेऊन मुद्दाम कॅमेऱ्यासमोर धरल्या. पोर बराच वेळ काही बोलली नाही. (हिच्या मते हा क्रूरपणा होता. असेल.)

पण पोरगी हुशार निघाली, हे मान्य करायला हवं. ट्यूब, म्हणजे तिथली भुयारी रेल्वे, महाग म्हणून तिने बस धरली. लंडनात तेव्हा बसला कुठेही जा, १.७५ पौंड. आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बसा बदला, पुन्हा पैसे नाहीत. हे कळल्यावर तिने त्या एका तासाचा गळाच धरला. कार्ड टेकवायचं, बाजारात उतरायचं, ज्या मालावर किंमत उतरवल्याची पिवळी चिकटपट्टी लागली असेल तेवढाच उचलायचा आणि एकोणसाठाव्या मिनिटाला परतीच्या बसमध्ये चढायचं. समोरची भाजी महाग असेल तर घासाघीस करायलाही वेळ नाही, नाहीतर आमच्या घराण्यात ती कला आहे. थंडी वाढल्यावर अभ्यासाला ती ब्रिटिश म्युझियममध्ये बसू लागली. १७५९ मध्ये उघडलेलं हे संग्रहालय, तिथे प्रवेश फुकट, आत ऊब फुकट, स्वच्छतागृह फुकट. "बाबा, इजिप्तच्या ममीसमोर बाक आहे, तिथे कुणी उठवत नाही." ममी उठवणार नाही हे मलाही पटलं.

स्विंडनचं मात्र राहून गेलं. रेल्वेचं तिकीट तिला परवडेना आणि भाच्याला सुट्टी मिळेना. पिशवी तिच्या पलंगाखाली. इकडे मावशी रोज कुंपणावरून, "दिलें मगे?"

मग दिवाळी आली. नरकचतुर्दशीला हिने पहाटे पाचला फोन लावला. इथे नाक्यावर नरकासुराचा शेवटचा फटाका वाजत होता आणि तिथे रात्रीचे साडेबारा. तेल लावून झालं, पण कारीट? लंडनात कारीट आणायचं कुठून! पोरीने पिवळ्या चिकटपट्टीतली ब्रसेल्स स्प्राउटची पिशवी दाखवली. लिंबाएवढे हिरवे कोबीच ते. न्हाणीच्या दारात एक ठेवून तिने 'गोविंदा' म्हणत अंगठ्याने दाबला. फुटेना. टाच मारली, तर तो घरंगळत शेजारच्या कोरियन मुलीच्या खोलीपर्यंत गेला. ती दार उघडून बाहेर आली, तेलाने थबथबलेली आमची कन्या बघितली आणि काही न विचारता तिनेही टाचेखाली घेतला. फुटला. "डाव्या पायाने ना?" हिने एवढंच विचारलं.

उरलेल्या पिशवीचं काय केलंस, असं मी नंतर विचारलं. म्हणाली, खोबरं आणि तिरफळं घालून भाजी केली, कोरियन मुलीने दोनदा मागून घेतली.

"तिरफळं कुठली?"

पलीकडे बराच वेळ नुसती खरखर. मग ती म्हणाली, "सुंगटं अजून तशीच आहेत हां, बाबा."

मावशींना मी सांगितलं, पोचलं.