खुलासा : चैत्रातला ‘मूठभर युरिया’

‘चैत्रपालवी फुटायच्या आत प्रत्येक कुंडीत मूठभर युरिया टाका, लॉनवरही सढळ हाताने फेका, आठ दिवसांत बाग हिरवीगार!’ असा निरोप सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. कृपा करून तसं करू नका.

युरियात ४६ टक्के नत्र असतं. मूठ म्हणजे सहज ४०-५० ग्रॅम. दहा इंची कुंडीतल्या मातीला ते झेपत नाही. क्षार वाढले की माती ओली असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. आधी पानांच्या कडा करपतात, आणि आपण ‘ऊन लागलं’ म्हणत कुंडी सावलीत सरकवतो. टाकून बसला असाल तर भरपूर पाणी ओता आणि ते खालच्या भोकातून वाहून जाऊ द्या.

लॉनला युरिया चालतो, पण १०० चौरस मीटरला साधारण १ किलो. गवत कोरडं असताना फेकायचा आणि लगेच पाणी मारायचं. ओल्या पात्यांना दाणे चिकटले की तिथे करपल्याचे डाग उमटतात.

कुंड्यांना गांडूळखत बरं. ते मूठभर घातलं तरी चालतं. मोगऱ्या-जास्वंदीला नुसतंच नत्र दिलं तर पाला माजतो, कळ्या मात्र रुसतात.